एकच यांगबान घर पाहायचं असेल तर: गांगनुंग की नोन्सान?

कोरियातल्या चोसन राजघराण्याच्या काळातल्या यांगबान, म्हणजे उच्चकुलीन कुटुंबाच्या घराची मांडणी समजून घ्यायला एकच दिवस हाताशी असेल, तर आमचं मत नोन्सानच्या म्यंगजे घराला. गांगनुंगचं सनग्योजांग जास्त देखणं आहे, पण पसरलेलं आहे.

दोन्हीकडे मूळ रचना एकच. पुरुषांचा आणि पाहुण्यांचा सारांगछे पुढे, बायकांचा आन्छे आत, पूर्वजांचं देवघर वेगळं. आकार आपल्या वाड्यांसारखाच खणांत मोजतात. एक खण साधारण 2.4 मीटरचा.

सनग्योजांगच्या दर्शनी बाजूला 23 खणांची सलग ओळ आहे. तिच्यात दोन दरवाजे: उंच छपराचा पाहुण्यांसाठी, बेताच्या उंचीचा घरच्यांसाठी. 1815 च्या येल्ह्वादांग या सारांगछेपुढे रशियन वकिलातीकडून आलेलं तांब्याच्या पत्र्याचं छप्पर आहे. ते जुन्या लाकडी घराचा भाग समजू नका. 1816 चा ह्वाल्लेजंग हा मंडप मात्र चुकवू नये. त्याचा काही भाग दगडी खांबांवर थेट कमळांच्या तळ्यात उभा आहे.

म्यंगजे घर युन ज्यंग (1629–1714) या विद्वानाच्या टोपणनावानं, म्यंगजेनं, ओळखलं जातं. इथल्या सारांगछेला समोर भिंतच नाही, तो गावाकडे उघडा. आन्छेच्या देवडीतून आत शिरलं की मात्र आडवी भिंत येते. ती जमिनीपर्यंत टेकलेली नाही. आतल्या लाकडी ओसरीवर बसलेल्या बाईला खालच्या फटीतून आलेल्याचे जोडे दिसतात, त्याला मात्र ती दिसत नाही. कोण आलं हे आधी कळतं, मग भेटायचं की नाही ते ठरतं.

याहून हुशारीची गोष्ट आन्छे आणि कोठारामधल्या बोळाची. दोन्ही इमारती समांतर नाहीत. बोळ दक्षिणेला रुंद, उत्तरेला निमुळता. उन्हाळ्यातला दक्षिणेचा वारा निमुळत्या टोकाशी वेग घेतो आणि कोठार थंड राहतं. हिवाळ्यात उत्तरेचा वारा अरुंद तोंडातून शिरून पुढे पसरतो, त्याचा जोर मोडतो.

अडचण एकच: हे राहतं घर आहे, त्यामुळे आतला भाग पाहायला मिळेलच असं नाही. आधी विचारून जा. मुक्काम करणार असाल तर ओंदोल, म्हणजे खालून तापवलेल्या जमिनीच्या खोलीत, चुलीकडची बाजू वडीलधाऱ्यांना द्या. धुराड्याकडची बाजू गार असते. सोबत लहान मुलं असतील किंवा सोलहून थेट रेल्वेनं जायचं असेल, तर गांगनुंग सोयीचं. जवळच ओजुकह्वन हे जुनं घरही पाहून होतं.