केम्प्टनच्या बाजारातलं १९५०-६० चं ब्रिटिश फर्निचर आणि पडदा : वर्षभर वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. लाकूड खुशाल घ्या. गादी-उशीची वस्तू घेणार असाल तर जेवढी किंमत तेवढेच पैसे आणखी बाजूला ठेवून घ्या. कापड मात्र वापरायला घेऊ नका, बघायला घ्या.

वर्षभरात आमच्या घरी चार वस्तू आल्या. एर्कोलचं दोन्ही बाजूंनी मिटणारं जेवणाचं टेबल, त्याच कंपनीची एक आरामखुर्ची, जी-प्लॅनचा सात फुटी साइडबोर्ड (म्हणजे भिंतीला लावायचं लांब, बुटकं कपाट) आणि डेव्हिड व्हाइटहेड कंपनीच्या छापील कापडाचा एक जुना पडदा. सगळं लंडनच्या पश्चिमेला केम्प्टन पार्क रेसकोर्सवर भरणाऱ्या सनबरी अँटिक्स मार्केटमधून घेतलेलं. हा बाजार महिन्याच्या दुसऱ्या आणि शेवटच्या मंगळवारी भरतो, तोही भल्या पहाटे, त्यामुळे नोकरदारांनी रजा टाकायची तयारी ठेवावी. हिवाळ्यात दारं उघडतात तेव्हा मिट्ट काळोख असतो. लोक टॉर्च घेऊन टेबलांच्या खाली वाकलेले दिसतात आणि ते बरोबरच आहे, कारण बघायचं ते खालूनच. नॉटिंगहॅमशरमधला न्यूअर्कचा मेळा याच्या कितीतरी पट मोठा, पण लंडनच्या पश्चिमेला हाउन्सलो-स्लाउकडे राहणाऱ्या आपल्या माणसांना केम्प्टन परवडतं. भाव करायची लाज बाळगू नका. आवाज न चढवता ‘बेस्ट प्राइस काय’ एवढं विचारलं की समोरचा स्वतःहून थोडा खाली येतो. त्यापुढे मंडईसारखं ताणलं तर मात्र तो तोंड फिरवतो.

टेबलापासून सुरुवात करते, कारण सगळ्यांत जास्त वापर त्याचा झाला. एर्कोल ही मूळची हाय विकमची कंपनी. हे गाव खुर्च्यांचं. भोवतालच्या चिल्टर्न टेकड्यांवर बीच नावाच्या झाडांची जंगलं, म्हणून तिथे पिढ्यान्पिढ्या खुर्च्याच झाल्या, इतक्या की तिथल्या फुटबॉल क्लबला आजही ‘चेअरबॉइज’ म्हणतात. कंपनीचा संस्थापक लुशियन एर्कोलानी मूळचा इटालियन, लहानपणी लंडनला आलेला. १९४४ मध्ये सरकारच्या बोर्ड ऑफ ट्रेडने त्याच्याकडे एक लाख स्वस्त स्वयंपाकघरी खुर्च्या मागितल्या आणि त्या कामातून त्याने जुन्या विंडसर खुर्चीचं कारखान्यात निघणारं रूप बसवलं. विंडसरची युक्ती साधी आहे. मधे एक जाड फळी, खालून तिच्यात पाय खोचलेले, वरून पाठीच्या काड्या खोचलेल्या. पाय आणि काड्या बीचच्या, फळी एल्मची. एल्म वाकडं होणारं, हट्टी लाकूड म्हणून इतर कारखानदार त्याच्या वाटेला जात नसत. एर्कोलानीने ते नीट वाळवून सरळ ठेवायचं तंत्र बसवलं.

आमच्या टेबलाचा माथाही एल्मचाच, भरीव. त्यावरची नक्षी म्हणजे झाडाच्या आतली हिरवट-तपकिरी वळणं, आणि ती रोज जेवताना बघूनही कंटाळा येत नाही. अशा रुंद एल्मच्या फळ्या ब्रिटनमध्ये आता सहजी मिळणं नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या ‘डच एल्म’ रोगाने या देशातली अडीच कोटींहून जास्त एल्मची झाडं गेली. म्हणून जुन्या टेबलाला चार पैसे जास्त पडले तरी मला ते महाग वाटत नाही.

आता हळदीचं बघू, कारण मराठी घरातल्या टेबलाची खरी परीक्षा तीच. फोडणीच्या वरणाचा एक मोठा ओघळ टेबलाच्या मिटणाऱ्या पानाच्या (बाजूच्या फळीच्या) कडेपर्यंत गेला आणि पुसूनही पिवळा पट्टा राहिला. घासू नका, ब्लीच तर लावूच नका. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. टेबल खिडकीशी सरकवलं, आणि उन्हाळा असल्याने काही आठवड्यांत पट्टा दिसेनासा झाला. पण त्याच उन्हाने दुसरा घोटाळा केला. एक पान आम्ही कायम मिटलेलं ठेवत होतो, ते गडदच राहिलं आणि बाकीचा माथा उजळला. आता दोन्ही पानं आलटूनपालटून उघडतो. कुकर थेट ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. ते पॉलिशमध्ये शिरलेल्या वाफेचं असतं, लाकूड जळालेलं नसतं, त्यामुळे बरंचसं निघतं. तरी बूड टेकवायला काहीतरी ठेवाच. खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरपासून मात्र टेबल लांब हवं. पहिल्या हिवाळ्यात माथ्याच्या फळ्यांच्या सांध्यात केसभर फट पडली होती, पावसाळी दिवसांत ती परत मिटली.

मिटवलं की हे टेबल भिंतीला एखाद्या कपाटाएवढंच लागतं. ते तसं का, याचं उत्तर त्या काळात आहे. युद्धात लाकूड नव्हतं, म्हणून १९४२ पासून ब्रिटिश सरकारने ‘युटिलिटी’ योजना आणली. सरकारने ठरवलेले मोजके नमुनेच बनवायचे आणि तेही प्राधान्याने नवविवाहितांना आणि बॉम्बहल्ल्यात घर गेलेल्यांना. त्या सामानावर सीसी-४१ चा शिक्का असतो. योजना १९५२ मध्ये संपली, पण कमी लाकडात आणि कमी जागेत भागवायची सवय कारागिरांच्या हातात राहिली. पुढची घरंही लहानच होती. आमचं भाड्याचं घर त्याच मापाचं आहे, त्यामुळे हे सामान इथे बसतं, आणि मोठ्या फर्निचरच्या दुकानातला आजचा सोफा दारातून आतच येत नाही.

शिक्क्यांवरून आठवलं. एर्कोलच्या खुर्चीखाली ‘बीएस १९६०’ असा शिक्का दिसेल. तो दाखवून एका विक्रेत्याने मला खुर्ची १९६० सालची असल्याचं ठामपणे सांगितलं. ते साल नाही, ‘बीएस’ म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड, दर्जाच्या मानकाचा तो क्रमांक आहे. त्याच्या आधारे कुणी भाव चढवत असेल तर हसून पुढे जा.

आरामखुर्चीबद्दल माझं मत संमिश्र आहे. सांगाडा अप्रतिम. बीचच्या वाकवलेल्या हातांवर हात ठेवला की ते कुठेच टोचत नाहीत. पण मी घेतली तो फक्त सांगाडाच होता, गादी नव्हतीच, आणि बाजारात बरेचदा असंच दिसेल. कारण कायद्याचं आहे. घरगुती गादीच्या फर्निचरला आग लवकर लागू नये म्हणून इथे १९८८ चे नियम आहेत. १९५० च्या आधीच्या वस्तूंना त्यातून सूट आहे, नंतरच्यांना नाही. म्हणजे नेमकं ज्या काळाचं सामान आपण शोधतो तेच नियमात अडकतं. जुना फोम त्यात बसत नाही, म्हणून विक्रेते गाद्या काढून टाकतात आणि नुसतं लाकूड विकतात. कुणी जुन्या गादीसकट खुर्ची विकत असेल तर नियमाचं लेबल मागा. ते नसेल तर गादीची किंमत शून्य धरा. तशीही ती शून्यच असते, कारण साठ वर्षांपूर्वीच्या फोमचा हात लावताच भुगा होतो.

गादीखाली लोखंडी स्प्रिंग नसतात, रबरी पट्ट्या असतात. पिरेलीच्या. हो, टायरवाली पिरेलीच. पट्टीच्या दोन्ही टोकांना धातूची चिमटी, ती लाकडातल्या खाचेत अडकवायची. कल्पना सुरेख, पण रबर वाळतं आणि तडकतं. माझ्या खुर्चीच्या पट्ट्या बोटाने दाबल्यावर परत वर आल्या नाहीत. नव्या मिळतात आणि घरी बसवता येतात, फक्त नीट ताणायला दोन माणसं लागतात. नवऱ्याने एक टोक धरलं, मी दुसरं. पट्ट्या, नियमात बसणारा फोम आणि वर शिवलेला लोकरी अभ्रा असं सगळं धरून खर्च सांगाड्याच्या किमतीच्या थोडा वरच गेला. हा हिशेब बाजारात उभं असतानाच करायचा असतो.

आणि खुर्ची बुटकी आहे. फोटोत ते छान दिसतं, पण सासूबाई सहा महिने इथे होत्या, त्यांचे गुडघे दुखतात, आणि त्या एकदाच तिच्यात बसल्या. “बसायला बरी आहे गं, पण उठवायला कुणीतरी हवं,” म्हणाल्या आणि परत जेवणाच्या खुर्चीवर गेल्या. घरात वयस्कर माणसं असतील तर बैठकीची उंची टेपने मोजून घ्या.

बीच आणि एल्म दोन्हींना भुंगा लागतो, सागाला सहसा नाही. खालच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली तर घाबरू नका, किडा कदाचित चाळीस वर्षांपूर्वीच उडून गेला असेल. भोकाच्या कडा तीक्ष्ण आणि आतून पिठासारखा ताजा भुसा गळत असेल तर मात्र वस्तू सोडून द्या. टॉर्च त्यासाठीच.

साइडबोर्डबद्दल तक्रार नाही, म्हणून थोडक्यात. जी-प्लॅन म्हणजे ई. गॉम कंपनीचं फर्निचर, तीही हाय विकमचीच. १९५३ मध्ये त्यांनी पूर्ण संच एकदम न विकता एकेक वस्तू सुटी विकायला काढली. संच फुटून आज बाजारात सुट्या वस्तू सापडतात याचं एक कारण ते असावं. आमचा साइडबोर्ड ‘फ्रेस्को’ मालिकेतला, व्हिक्टर विल्किन्सने १९६६ मध्ये आखलेला. खणांच्या मुठी भरीव सागवानातून कोरलेल्या, एकाला एक लागून लाटेसारख्या. व्हिडिओ कॉलवर बाबांनी पहिला प्रश्न विचारला, “सागवानच ना? ठोकून बघ.” ठोकून बघितलं तर आवाज बद्द आला, कारण मुठी आणि कडा सागाच्या असल्या तरी मोठे पृष्ठभाग सागाच्या व्हिनिअरचे, म्हणजे वरून चिकटवलेल्या पातळ पापुद्र्याचे आहेत, आत बोर्ड. बाबांना ती फसवणूक वाटते. मला नाही वाटत. व्हिनिअर आहे म्हणूनच सात फुटांचा माथा साठ वर्षं सपाट राहिला. फक्त एक लक्षात ठेवा, याला सँडपेपर लावायचा नाही. ओरखडा घालवायच्या नादात व्हिनिअर पार निघून खालचा बोर्ड दिसायला लागलेले दोन-तीन साइडबोर्ड मी बाजारात बघितले आहेत. तेलाचा हलका हात पुरतो. खण अडकत असतील तर खाचांवर मेणबत्ती घासा. साहेबाच्या बाटल्या ठेवायच्या कप्प्यात आमचं मेतकूट, पापड आणि कुरडयांचे डबे आहेत आणि ते तिथे मजेत आहेत.

आता पडदा. १९५१ मध्ये लंडनच्या साउथ बँकवर फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन हा राष्ट्रीय महोत्सव भरला आणि ब्रिटिश घरातल्या कापडाचा चेहराच बदलला. डिझायनर ल्युसिएन डेचं ‘कॅलिक्स’ हे कापड तिथे तिच्या नवऱ्याने, रॉबिन डेने, मांडलेल्या खोलीत टांगलं होतं. काड्यांवर तोललेले कपासारखे आकार, पिवळा, काळा, शेंदरी. हील्स कंपनीला ते खपेल असं वाटत नव्हतं, म्हणून तिला मानधन निम्मंच दिलं, आणि मग ते इतकं गाजलं की उरलेलं निम्मंही द्यावं लागलं. त्याच महोत्सवात स्फटिकांच्या रचनेवरून नक्ष्या काढायचा उद्योगही झाला. केंब्रिजच्या हेलन मेगॉ या शास्त्रज्ञ बाईंच्या पुढाकाराने इन्सुलिन, हिमोग्लोबिन यांच्या आकृत्या भिंतीच्या कागदावर आणि पडद्यांवर आल्या. मारियान स्ट्रॉबने वॉर्नर कंपनीसाठी विणलेलं ‘सरी’ त्यातलंच. याच स्ट्रॉबबाईंनी पुढे लंडनच्या बस आणि ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, सीटचं कापडही आखलं.

मूळ ‘कॅलिक्स’ माझ्या आवाक्याबाहेर. म्हणून व्हाइटहेड. ही लँकेशायरची कंपनी त्याच धर्तीच्या नक्ष्या स्वस्त रेयॉनवर रोलरने छापायची, म्हणजे सामान्य घरांना परवडावं. १९०५ मध्ये पुण्यात विलायती कापडाची होळी झाली होती, आणि मी लँकेशायरचं कापड पौंड मोजून घरात टांगलं. आजोबांना सांगायची सोय नाही, नाहीतर बोलणी खाल्ली असती.

पडदा सुंदर आहे, पण पडदा म्हणून नापास. रेयॉन ओलं झालं की त्याची ताकद जाते, त्यामुळे धुवायची हिंमत होत नाही. आमच्या घरातली फोडणी तर थेट खोलीभर फिरते. दक्षिणेकडच्या खिडकीत काही महिने राहिल्यावर घडीच्या बाहेरच्या भागाचा लाल रंग विटकरी झाला. मग तो उतरवून काड्यांच्या चौकटीवर ताणला आणि जिन्याच्या अंधाऱ्या भिंतीवर लावला. कापड घेताना किनार बघा. चांगल्या कंपन्या तिथे नक्षीचं आणि बरेचदा डिझायनरचं नाव छापत. किनार कापून टाकलेली असेल तर नाव विक्रेत्याच्या तोंडचं, आणि भावही त्याच मानाने द्यायचा. जाड सुती कापडाचे साठच्या दशकातले हील्सचे तुकडे याहून बरे टिकतात असं दिसतं. उशीचे अभ्रे करायचे तर तेच घ्या.

शेवटी रोझवुड. आपल्या शिसवीच्याच कुळातलं हे ब्राझिलियन लाकूड साठच्या दशकातल्या महागड्या वस्तूंवर दिसतं आणि शिसवीच्या झोपाळ्यावर वाढलेल्या माणसाला ते मोह घालतं. पण १९९२ पासून ते आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या कडक यादीत आहे आणि इथे विकायला त्या वस्तूचं प्रमाणपत्र लागतं. ज्या स्टॉलवर मी विचारलं तिथे ते नव्हतं, आणि “कोण बघतंय?” हे उत्तर मला पुरेसं वाटलं नाही. ती वस्तू मी तिथेच सोडली. आता एर्कोलच्या एकात एक बसणाऱ्या तीन छोट्या टेबलांच्या शोधात आहे. सुटी सापडतात, पण तिन्ही एकाच रंगाची मिळाली तरच घेईन.