ग्वानाख्वातो की ओरो प्रेतो?
डोंगरातलं, स्वातंत्र्यलढ्याचा अभिमान मिरवणारं एकच शहर बघायचं असेल, तर मी मेक्सिकोतलं ग्वानाख्वातो सुचवेन. तिथलं अलोंदिगा हे धान्याचं कोठार म्हणजे प्रत्यक्ष रणभूमी. 28 सप्टेंबर 1810 ला स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठलेल्या बंडखोरांनी हल्ला केला, तेव्हा स्पॅनिश लोक आत दडून बसले होते. एल पिपिला नावाचा खाणकामगार पाठीवर दगडी लादी बांधून दारापर्यंत गेला आणि त्याने दार पेटवलं, असं सांगतात. पुढच्याच वर्षी बंडाचे नेते इदाल्गो, अय्येंदे, अल्दामा आणि हिमेनेस यांची मुंडकी याच इमारतीच्या चार कोपऱ्यांवर टांगली गेली, ती 1821 पर्यंत. आज त्या कोपऱ्यांवर त्यांची नावं वाचताना अंगावर काटा येतो.

ब्राझीलच्या ओरो प्रेतोतला पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा कट 1789 मध्ये फितुरीमुळे आधीच फुटला. कटातल्या तिरादेंतिसला 1792 मध्ये रिओत फाशी दिली आणि त्याचं मुंडकं ओरो प्रेतोच्या चौकात लावलं. आता तिथे त्याचा पुतळा आहे. समोरच्या जुन्या तुरुंगातल्या संग्रहालयात, आफ्रिकेत हद्दपारीत वारलेल्या साथीदारांचे अवशेष ठेवलेत. हे दालन चुकवू नका. सोन्याने मढवलेली चर्च बघायची हौस असेल, तर मात्र ओरो प्रेतोच.

दोन्हीकडे चढ-उतार भरपूर. ग्वानाख्वातो सुमारे 2000 मीटरवर असल्याने पहिल्या दिवशी दम लागतो, सावकाश चाला.