एआयने फुटेज लावून देतो म्हणाले, आणि गुलाबी बोंडअळीच्या जागी भलतीच अळी दाखवली

मराठीत शेती, आरोग्य किंवा गडकिल्ल्यांवर व्हिडिओ करणाऱ्यांना सध्या एक फोन हमखास येतो: 'तुम्ही फक्त आवाज द्या, आमचं एआय वाक्यावाक्याला फुटेज लावून देईल.' असा फोन आला असेल तर पैसे भरण्याआधी हे वाचा. माझे तीस हजारांवर रुपये गेले. पण माझ्या आवाजावर विश्वास ठेवून शेतात उतरणाऱ्या माणसांना जे चुकीचं दाखवलं गेलं, त्याचा राग पैशांहून मोठा आहे.

मी कृषी पदवीधर, घरची कपाशी यवतमाळ जिल्ह्यात. बोंडअळी, रसशोषक किडी, फवारणीतली काळजी यांवर बोलतो. बोलणं सोपं असतं, अडतं ते बी-रोलपाशी. बोलण्याच्या मध्ये जी पूरक दृश्यं लावावी लागतात ती कपाशीत वर्षभर मिळत नाहीत. डोमकळीच घ्या. अळी फुलाच्या पाकळ्या आतून रेशमाने बांधते आणि फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. ते दिसण्याचे दिवस थोडे, त्यातही पाऊस लागला की चित्रण होत नाही. कामगंध सापळ्यातले (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यातले) पतंग, चिरलेल्या बोंडातली अळी, कवडी झालेला म्हणजे किडीने खराब झालेला कापूस, प्रत्येकाची वेळ वेगळी. म्हणून हे काम कोणी नीट करून देणार असेल तर पैसे मोजायची माझी तयारी होती.

मला ज्या कंपनीचा फोन आला तिने नमुना दाखवला तो माझ्याच एका जुन्या व्हिडिओवर. डोमकळी अगदी खरी, सापळा बरोबर, कापूस वेचणाऱ्या बायांच्या कमरेला ओटी. मी विचारलं, हे आलं कुठून? उत्तर मिळालं की त्यांच्याकडे भारतीय शेतीचं परवाना घेतलेलं फुटेज आहे, जे नसेल ते एआय तयार करतं, आणि कॉपीराइटची लेखी हमी मिळेल. हमीचं पत्र आलं, प्रत्येक क्लिपसमोर परवाना क्रमांक होता. वर्षाचे चोवीस हजार ठरले.

अशी साधनं मुळात कशी चालतात ते सांगतो, कारण फसवणूक नेमकी तिथेच लपते. साधन तुमचा आवाज ऐकून मजकूर बनवतं, त्याची वाक्यं पाडतं, वाक्यातली मुख्य नामं उचलतं आणि फुटेजच्या साठ्यात शोधतं. सापडलं नाही तर काही सेकंदांची क्लिप स्वतः तयार करतं. मोठ्या साठ्यांत कापूस म्हटला की अमेरिकेतली सपाट शेतं आणि यंत्राने होणारी वेचणी भरपूर. आपली दोन-चार एकरांतली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, त्यात फारच थोडी. म्हणजे कपाशीच्या किडींवर व्हिडिओ करायचा असेल तर साधनाला जवळजवळ सगळं 'तयार'च करावं लागणार. हे विकणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

पहिले व्हिडिओ बरे निघाले. मग गुलाबी बोंडअळीचा महत्त्वाचा व्हिडिओ आला. मंजुरीसाठी आलेल्या प्रतीत दृश्यं योग्य होती, वर साठ्याचा वॉटरमार्क, म्हणजे परवाना घेईपर्यंत राहणारी पुसट खूण होती. अंतिम प्रतीत परवाना घेऊन तो निघेल, असं सांगितलं होतं. मी मंजुरी दिली. पॅकेजमध्ये अपलोडही त्यांच्याकडे होतं, त्यासाठी चॅनेलवर त्यांना 'एडिटर'ची परवानगी दिलेली होती. त्यांनी चढवलेला व्हिडिओ मात्र मी मंजूर केलेला नव्हताच. प्रत्येक क्लिपच्या परवान्याचे पैसे वाचावेत म्हणून वॉटरमार्कच्या क्लिपा काढून त्या जागी तशाच दिसणाऱ्या एआयच्या क्लिपा आणि दुसऱ्यांच्या चॅनेलवरून उचललेली दृश्यं बसवली होती. माझं बोलणं सुरू होतं गुलाबी बोंडअळीवर, आणि पडद्यावर पानावर बसलेली लठ्ठ, चकचकीत हिरवी अळी.

कपाशी न पिकवणाऱ्याला यात काय एवढं, असं वाटेल. गुलाबी बोंडअळी पानावर बसून दिसत नाही. ती बोंडात शिरते, शिरलेलं बारीक छिद्र बुजून जातं, बोंड बाहेरून निरोगी दिसतं. लहानपणी पांढुरकी असते, मोठी होताना गुलाबी होते. ती शोधायची तर सलग ३ दिवस रोज प्रत्येक सापळ्यात ८ पतंग येतात का ते पाहायचं, किंवा एकरातून २० हिरवी बोंडं तोडून चिरायची. दोनांत अळी निघाली तर नियंत्रणाची वेळ आली. बाहेर बसून खाणारी हिरवी अळी दाखवणं म्हणजे शेतकऱ्याची नजर चुकीच्या जागी वळवणं.

आणि तसंच झालं. दारव्ह्याच्या बाजूच्या एका काकांचा फोन आला. "सर, तुम्ही दाखवलेली हिरवी अळी शोधून शोधून दमलो. आमच्या पऱ्हाटीत एकही नाही. म्हणजे यंदा फवारा टाळला तर चालते ना?"

मी म्हटलं, "काका, चार हिरवी बोंडं तोडा आणि चिरून बघा. मी फोनवरच थांबतो."

दुसऱ्याच बोंडात गुलाबी अळी निघाली. काकांनी फोन केला म्हणून कळलं. ज्यांनी व्हिडिओ पाहिला आणि फोन केला नाही, त्यांचं काय झालं ते मला कधीच कळणार नाही.

व्हिडिओ मी लगेच काढला आणि पूर्ण तपासला. त्यात आणखी एक क्लिप होती: पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातला एक माणूस, तोंडाला मास्क नाही, हातात मोजे नाहीत, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने हसत फवारतो आहे. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्या जिल्ह्यातल्या माणसाच्या व्हिडिओत ही क्लिप! जाब विचारला तेव्हा समोरचा म्हणाला की दृश्य सुंदर आहे, लोक व्हिडिओ सोडून जात नाहीत. खरी वाटणारी कृत्रिम दृश्यं वापरली तर तसं जाहीर करणं यूट्यूबने मार्च २०२४ पासून बंधनकारक केलं आहे. ती खूणही त्यांनी केलेली नव्हती.

त्यानंतर कॉपीराइट स्ट्राइक आला, म्हणजे दुसऱ्याचं चित्रण वापरल्याबद्दल यूट्यूबची ताकीद. ९० दिवसांत ३ स्ट्राइक झाले तर चॅनेल बंद होतं, हे व्हिडिओ करणाऱ्यांना सांगायला नको. तक्रार होती जालना जिल्ह्यातल्या एका तरुण शेतकऱ्याची. मी त्याला फोन लावला. त्याने शांतपणे विचारलं, "दादा, पहाटे सापळ्यापाशी बसून काढलेलं माझं शूटिंग तुमच्याकडे कसं आलं?" मी त्याला परवान्याचं पत्र पाठवलं. त्यात त्याच्या क्लिपसमोर जो क्रमांक होता तो ज्या साठ्याचा म्हणून लिहिला होता, त्या साठ्यात तसा क्रमांकच नव्हता. पुढे लक्षात आलं की विकताना मला दाखवलेल्या नमुन्यातली ती अगदी खरी डोमकळीही त्याच्याच चॅनेलवरची होती. म्हणजे ज्याच्या जोरावर माल विकला, तोच चोरीचा. त्या मुलाने मोठ्या मनाने तक्रार मागे घेतली आणि स्ट्राइक गेला.

पैशांचा भाग थोडक्यात. सुरुवातीला 'खातं तपासायला' एक रुपया घेतला होता. तो यूपीआय ऑटोपेचा, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापू देण्याचा आदेश होता, कमाल रक्कम १५,००० रुपये. 'जादा क्रेडिट' या नावाखाली त्यातून रकमा जात राहिल्या. अशा कपातीआधी किमान २४ तास सूचना यावी लागते. ती येतही होती, पण नाव कंपनीचं नाही, भलत्याच व्यवसायाचं. बिलावरचा १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला. पहिले दोन अंक २७, म्हणजे महाराष्ट्राचा खरा, पण निघाला एका कापड दुकानाचा.

मी सायबर हेल्पलाइन १९३० वर आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवली आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. कंपनीचं पहिलं उत्तर होतं की तुम्ही चॅनेलवर कमावता, म्हणजे तुम्ही व्यापारी, ग्राहक नाही. हे ऐकून बरेच जण परत फिरतात. फिरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलं आहे की केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त मोडत नाही; सेवेचं नाव त्या वाक्यात नाही, पण आयोगापुढे त्याच आधाराने बाजू मांडता येते. दुसरं उत्तर, एआय जे देईल त्याची जबाबदारी आमची नाही. पण क्लिपा बदलल्या त्या माणसाने, मंजुरी मिळाल्यानंतर. वॉटरमार्कची मंजूर प्रत मी उतरवून ठेवलेली असल्यामुळे दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून ते दाखवता आलं. प्रकरण अजून चालू आहे.

एआयची साधनं वाईटच, असं मी म्हणत नाही. ढग, रस्ता, बाजाराची गर्दी यांसाठी ती चालतील, तसं जाहीर करून. पण कीड, औषध, आजार, गडाची तटबंदी, जिथे चित्र पाहून माणूस काही ओळखतो किंवा ठरवतो, तिथे खरं चित्रणच हवं. विकायला आलेल्याला तुमच्या विषयातलं सगळ्यात अवघड वाक्य द्या आणि तुमच्यासमोर, त्याच क्षणी फुटेज लावायला सांगा. आधी बनवून आणलेला नमुना पाहूच नका. परवाना क्रमांक मूळ साठ्यावर स्वतः तपासा. अपलोड स्वतःच करा.

असं पॅकेज आधीच घेतलं असेल तर आज यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडून आदेश रद्द करा, चॅनेलच्या परवानग्या काढा आणि चढलेला प्रत्येक व्हिडिओ मंजूर प्रतीशी ताडून बघा. कपाशीचं फुटेज हवं असेल तर डोमकळीपासून कवडीपर्यंत माझ्याकडे आता बऱ्यापैकी जमलं आहे. तारीख आणि तालुका लिहून देतो, पैसे नकोत. ज्या किडीचं आहे त्याच किडीसाठी वापरा.