बडोद्यातलं लाकडी घाण्याचं सिंगतेल: कशासाठी घ्यावं, किती घ्यावं

बडोद्यात सिंगतेल, म्हणजे शेंगदाण्याचं तेल, तीन रूपांत मिळतं: १५ किलोच्या डब्यातलं फिल्टर, पिशवीतलं रिफाइंड, आणि विजेवर फिरणाऱ्या लाकडी घाण्याचं. घाण्याचं तेल या तिघांत सर्वांत महाग. कच्चं घालायला आणि फोडणीला ते उत्तम आहे. तळणीसाठी ते घेऊ नये. आणि ‘शुद्ध आहे, मग दोन पळ्या जास्त चालतील’ या समजुतीने तर मुळीच आणू नये, कारण कुठलंही तेल एका ग्रॅमला ९ कॅलरीच देतं.

जास्तीचे पैसे कशाचे, ते आधी पाहू. घाण्यात लाकडी उखळ आणि लाकडी लाट संथ फिरतात, म्हणून तेल फारसं तापत नाही आणि दाण्याचा वास त्यात राहतो. फिल्टर तेलासाठी दाणे वाफेवर गरम करून लोखंडी एक्स्पेलरमध्ये दाबतात, तेल जास्त निघतं. रिफाइंडमध्ये त्यानंतर आम्लता काढणं, रंग काढणं आणि २०० अंशांच्या वर वास काढणं हे टप्पे येतात. घाण्याच्या पेंडीत बरंच तेल राहून जातं. किलोभर तेलाला साधारण अडीच किलो सोललेले दाणे लागतात, भाव वाढतो तो इथे.

हाच हिशेब भेसळ ओळखायला कामी येतो. दाणे १२० रुपये किलो धरले तर नुसता कच्चा माल ३०० रुपयांचा. पेंड विकून थोडे पैसे सुटतात, पण मजुरी, वीज, बाटली यांत ते जातात. असं तेल कोणी २०० रुपयांना देत असेल तर त्यात कपाशीचं किंवा पामचं तेल असल्याचा संशय घ्यावा. भाव लिटरचा की किलोचा हेही विचारा, एक लिटर तेल भरतं जेमतेम ९१० ग्रॅम. फ्रिजमध्ये ठेवून पारखण्याची युक्ती सगळीकडे सांगतात, तिच्यावर विसंबू नका. थंडीत सिंगतेल गढूळ होतं तसं कपाशीचंही होतं. खरी परीक्षा प्रयोगशाळेत, बेलिअर चाचणीने. शुद्ध सिंगतेलाचं गढूळ होण्याचं तापमान तिथे ३९ ते ४१ अंश यायला हवं.

आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट दाण्याची आहे, आणि गिऱ्हाईक नेमकं तेच पाहत नाही. ओल लागलेल्या दाण्यावर बुरशी चढते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि ते यकृताला घातक आहे. रिफाइंड करताना ते निघून जातं, घाण्याच्या तेलात राहू शकतं. घरच्या कढईतल्या उष्णतेने ते नाहीसं होत नाही. म्हणून घाण्यापाशी उभे राहिलात की आधी पोत्यात हात घाला. सुरकुतलेले, काळपट, हिरवट पांढऱ्या बुरशीचे दाणे निवडून काढतात का? एक दाणा चावून बघा, कडवट लागला तर तिथून तेल घेऊ नका. फुटक्या, स्वस्त दाण्यांचं तेल काढणाऱ्याकडे लाकडी घाणा असला तरी उपयोग नाही. नवा खरीप दाणा दिवाळीच्या सुमारास बाजारात येतो. पावसाळ्यात जुना साठा चालू असतो, तेव्हा पारख अधिक कडक हवी.

सुटं तेल विकायला नियमाने बंदी आहे. तेल डोळ्यांसमोर निघालं तरी ते सीलबंद बाटलीत, एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक आणि भरल्याची तारीख असलेलंच घ्यावं.

ताजं तेल गढूळ असतं. ते स्टीलच्या उभ्या डब्यात तीन-चार दिवस हलवाहलव न करता ठेवा, वरचं निवळ तेल हळूच ओतून घ्या. तळाची गाद कढईत गेली की फेस येतो, ती जळते आणि भाजीला करपट वास लागतो. दाणे दळताना पाण्याचा हबका मारलेला असतो, त्याचा अंश राहिला तर तेल तडतडतं आणि लवकर खवट होतं. पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ठेवू नका, तांब्याच्या अंशाने तेल आणखी लवकर बिघडतं. बडोद्याच्या उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिकची बाटली खिडकीपाशी तर नकोच. महिन्याभरात संपेल एवढंच आणा, वर्षाचा भरणा या तेलाचा करू नये.

आता वापर. हे तेल साधारण १६० अंशांच्या आसपास धूर सोडू लागतं, आणि पुऱ्या-भजी तळायला १७० ते १८० अंश लागतात. तळणीला रिफाइंड सिंगतेल घ्या, थोडंच घ्या, आणि उरलेलं गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीत संपवा. तेल काळपट, दाट झालं किंवा फेसाळू लागलं की टाकून द्यावं. उपाहारगृहांना जुन्या तेलात ध्रुवीय संयुगांची, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडताना तयार होणाऱ्या पदार्थांची, २५ टक्क्यांची मर्यादा आहे, घरी मोजायला यंत्र नसतं, म्हणून डोळा आणि नाक वापरायचं.

घाण्याच्या तेलाचं चीज होतं ते कोशिंबिरीत, मेतकूट-भातावर, लसणाच्या चटणीत आणि सेव उसळीच्या तर्रीत. चौघांच्या उसळीला तर्रीसाठी चार चहाचे चमचे पुरतात. आच मंद ठेवा, तेल कोमट असतानाच तिखट घाला, रंग पूर्ण सुटतो. बाहेरच्या वाटीवर जो लाल थर तरंगतो, त्याची गरज चवीला नाही.

प्रमाण हा खरा प्रश्न. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या आहाराला दिवसाला २७ ग्रॅम स्निग्ध पदार्थ धरले आहेत, म्हणजे सुमारे सहा चहाचे चमचे, तूप-लोणी धरून. चौघांच्या घराला महिन्याला साधारण सव्वातीन किलो. या हिशेबाने १५ किलोचा डबा साडेचार महिने चालायला हवा. डबा उघडल्याची तारीख खडूने त्यावर लिहून ठेवा. अडीच महिन्यांत संपला तर माणशी ५० ग्रॅम जातं आहे, आणि तेलाची जात बदलून त्यात फरक पडणार नाही.

दोन उणिवा. सिंगतेलात ओमेगा-३ जवळपास नसतं, त्यासाठी जवसाची चटणी किंवा अधूनमधून मोहरीचं तेल हवं. आणि पिशवीवर ‘+एफ’ खूण असलेल्या तेलात अ आणि ड जीवनसत्त्व घातलेलं असतं, घाण्याच्या तेलात सहसा नसतं. घरात कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर हे तेल आणूच नये, कारण न शुद्ध केलेल्या तेलात दाण्याची प्रथिनं उरतात.