प्रागच्या चौकात हातावर ठेवलेल्या पाच नोटा

मुलगा म्युनिकला असतो. मे महिन्यात आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो, तिथून बसने तीन दिवस चेक देशाच्या राजधानीला, प्रागला जाऊन आलो. त्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून आम्ही दोघंच. तिथे आमचे १६० युरो गेले. तुमच्यापैकी कुणाचे जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

चेक देश युरोपीय संघात असला तरी तिथे युरो नाही, कोरुना चालतो. एका युरोला साधारण पंचवीस कोरुना. आमच्याकडे युरोच्या नोटा होत्या आणि कार्ड वापरलं की बँक जास्तीचे पैसे कापते, ही धास्ती. तीच नडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जुन्या शहराच्या चौकात गेलो. तिथलं खगोलीय घड्याळ १४१० सालचं. तास भरला की वरच्या खिडक्यांतून येशूच्या शिष्यांचे पुतळे सरकत जातात आणि शेजारचा सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो. आठचे ठोके पडले तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. खरंच फार सुंदर आहे ते, बघायला जाच.

घड्याळ बघून जेवायला निघालो. वाटेत पैसे बदलून देणारं दुकान लागलं. बाहेर ‘कमिशन ० टक्के’ अशी मोठी पाटी, पण बारीक अक्षरांतला भाव फारच कमी. आम्ही पाटी वाचत उभे असताना एक माणूस जवळ आला. चांगले कपडे, बोलणं अगदी अदबीचं. म्हणाला, “इथे बदलू नका, हे लुटतात. मी उद्या जर्मनीला चाललोय, मला युरो हवेत. पंचवीसचा भाव देतो.” दुकानाबद्दल तो खरं बोलला, म्हणून आमचा विश्वास बसला. ह्यांनी २०० युरो काढून दिले. त्याने हजाराच्या पाच नोटा ह्यांच्या हातावर मोजल्या, “पोलीस येतायत, लवकर ठेवा,” म्हणाला आणि गर्दीत दिसेनासा झाला.

जेवणात मला तळलेलं चीज आणि बटाटे मिळाले. शाकाहारी माणसाला तिथे हे जवळपास सगळीकडे मिळतं. बिल आलं तेव्हा ह्यांनी घडीतली एक नोट दिली. वेटरने ती दिव्याखाली धरली, मग स्वतःच्या पाकिटातली हजाराची नोट काढून शेजारी ठेवली. त्याच्या नोटेवर दाढीवाले चेक इतिहासकार पालाट्स्की आणि चेक राष्ट्रीय बँकेचं नाव, आपल्याला ओळखता येणाऱ्या रोमन लिपीत. आमच्या नोटेवर आकडा १००० चाच, पण अक्षरं रशियनसारखी. ती बल्गेरियाची जुनी लेव्हाची नोट होती. बल्गेरियाने १९९९ मध्ये हजार जुन्या लेव्हाचा एक नवा लेव्ह केला, तेव्हा ह्या नोटा चलनातून गेल्या. पाचांपैकी फक्त वरची नोट खरी निघाली. खालच्या चारांची किंमत जुन्या हिशेबानेही दोन युरोंच्या आसपास.

ह्यांचा चेहरा इतका उतरला की मला पैशांपेक्षा त्याचंच वाईट वाटलं. चाळीस वर्षं हिशेब चोख ठेवलेला माणूस. पोलिसांकडे जाऊन तक्रार दिली. त्यांनी नीट ऐकून घेतलं, लिहून घेतलं. पण त्या माणसाचं वर्णन विचारलं तेव्हा आम्हा दोघांना त्याचं निळं जॅकेटच तेवढं आठवलं.

रात्री हॉटेलच्या मुलीने जे समजावलं ते निघण्यापूर्वी माहीत हवं होतं. रस्त्यावर कुणाशीही पैसे बदलायचे नाहीत, परवान्याशिवाय हा धंदा करणं तिथे गुन्हाच आहे. परवाना असलेल्या दुकानात भाव कमी मिळाला, तर २०१९ पासूनच्या कायद्याने तीन तासांच्या आत पावती दाखवून, १००० युरोंपर्यंतचा व्यवहार रद्द करता येतो. त्यामुळे पावती जपून ठेवा. रोख हवीच असेल तर बँकेच्या एटीएममधून थोडी काढा. मशीन ‘रुपयांत की कोरुनांत’ असं विचारेल, तिथे कोरुनाच निवडा, रुपयांचा भाव ते आपल्या मनाने लावतात. आणि मुळात एवढी रोख लागतच नाही. ट्राममध्येसुद्धा कार्ड टेकवून तिकीट निघतं.

त्या चार नोटा मी फेकल्या नाहीत. समोरच्या काकू पुढच्या महिन्यात मुलीबरोबर प्रागला चालल्यात. काल त्यांना घरी बोलावून नोटा हातात दिल्या आणि आधी अक्षरं बघायला लावली.