पंखा मोठा की पंखाच नको?

टीव्हीखालच्या कॉम्प्युटरची घरघर नेमकी सिनेमातल्या शांत प्रसंगात ऐकू येते. उपाय दोनच: पंखा मोठा घ्या, नाहीतर काढूनच टाका.

बिनपंख्याच्या केसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या खोक्यात, प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळ्यांतून बाजूच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांवर जाते. आवाज शून्य, धूळही कमी. पण ही पाती थंड होणार खोलीतल्याच हवेवर, आणि सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा ४० कडे सरकला की ती हवाच तापलेली. ३५ वॉटच्या प्रोसेसरचं निभतं; ६५ वॉटचा मात्र जड काम आलं की स्वतःच वेग उतरवतो. वर किंमत खिशाला चटका देणारी.

१२० मिलिमीटरचा पंखा ८० मिलिमीटरवाल्याइतकीच हवा बऱ्याच कमी फेऱ्यांत ढकलतो, आणि आवाज फेऱ्यांबरोबरच झपाट्यानं उतरतो. चार पिनांचा घेतला तर बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, वेग ठरवता येतो. माझा मिनिटाला ७०० फेऱ्यांवर असतो. सोफ्यावरून छताचाच पंखा जास्त ऐकू येतो! त्रास एकच, जाळीवरच्या धुळीचा. गळीत हंगामात तर कारखान्याची काजळीही येऊन बसते. दर महिन्याला ब्रश मारावा लागतो.

माझं मत मोठ्या पंख्याला. बंद शोकेसमध्ये मात्र दोन्ही हरतात. आमच्याकडे आईनं झरोक्यांवर क्रोशाचा रुमाल अंथरला होता, वर गणपती. गणपती हलवला, सुताराकडून मागची प्लायवूड कापून घेतली, आणि नवा पंखा घेण्याआधीच निम्मी घरघर थांबली.