स्लॉपी जो: डब्यातला सॉस, घरचा सॉस की आयोवाचा कोरडा खिमा?

कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला घरी पोचून सव्वासातला जेवायला बसायचे असेल, तर अमेरिकी स्वयंपाकघरात ज्या मोजक्या पदार्थांकडे हात वळतो त्यांत स्लॉपी जो हमखास असतो. बीफचा खिमा परतायचा, टोमॅटोच्या आंबटगोड सॉसमध्ये आळवायचा आणि गोल बनमध्ये भरायचा, एवढाच हा पदार्थ. खाताना तो बोटांवरून ओघळतो, म्हणून नावातच ‘गबाळा’ आहे. हा जो नेमका कोण, यावर आयोवातले सू सिटी, फ्लोरिडातले की वेस्ट आणि क्यूबातले हवाना असे तिघे दावेदार आहेत. आपल्याला त्या वादात पडायचे कारण नाही. एक इशारा मात्र न्यू जर्सीतल्या रहिवाशांसाठी द्यायला हवा. साउथ ऑरेंज आणि आसपासच्या डेलींमध्ये, म्हणजे तयार सँडविच विकणाऱ्या दुकानांत, ‘स्लॉपी जो’ मागितला, तर राय ब्रेडचे तीन थर, त्यांत थंड मांसाचे काप, कोलस्लॉ (कोबीची कोशिंबीर) आणि रशियन ड्रेसिंग (मेयोनीजचा तिखटसर सॉस) असे भलतेच सँडविच हातात पडते. मी इथे, अमेरिकेत, आलो त्या वर्षी अशा सँडविचच्या एका डब्याकडे बराच वेळ बघत बसलो होतो.

घरी करायचे ठरवले की प्रश्न उभा राहतो तो सॉसचा. मॅनविचसारखा तयार सॉसचा डबा फोडावा, केचप आणि टोमॅटो पेस्ट घेऊन स्वतःचा सॉस करावा, की सॉसच्या भानगडीत न पडता आयोवात करतात तसा नुसता मोकळा खिमा बनमध्ये भरावा? सहसा ही तुलना ‘डबा झटपट, घरचा चविष्ट’ अशा एका ओळीत उरकली जाते. ती मला पटत नाही, आणि त्याचे कारण घड्याळात आहे.

मागे लागोपाठच्या दोन मंगळवारी मी एकाच बिडाच्या तव्यावर एकेक पौंड, म्हणजे ४५४ ग्रॅम, खिमा घेऊन दोन्ही प्रकार केले आणि वेळ लिहून ठेवली. डब्याच्या सॉसने तवा तापवण्यापासून बन भरण्यापर्यंत सतरा-अठरा मिनिटे लागली आणि घरच्या सॉसने सव्वीस. फरक आठ-नऊ मिनिटांचा, आणि त्यातलाही बराचसा वेळ सॉस मंद आचेवर आपोआप आळत असतो, म्हणजे तेवढ्यात काकडी चिरून होते, बन शेकून होतात, मुलांना हात धुवायला दोनदा हाक मारून होते. दोन्ही रीतींत न टळणारे काम एकच आहे आणि ते म्हणजे मांस नीट परतणे. तेवढ्यापुरती डब्याची काहीच मदत होत नाही. तेव्हा डबा आणि घरचा सॉस यांत निवड करताना वेळ हा निकष जवळजवळ बाजूलाच ठेवावा आणि चव, साठवण आणि स्वयंपाक कोण करणार आहे, या तीन गोष्टी बघाव्यात.

डब्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. मॅनविच १९६९ साली हंट्स या टोमॅटो सॉसच्या ब्रँडखाली बाजारात आला आणि तेव्हापासून त्याचे सूत्र तेच आहे: एक पौंड खिमा, एक डबा सॉस. फडताळात तो महिनोन्‌महिने टिकतो, कांदा चिरावा लागत नाही, आणि घरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला फोनवरून सांगूनही हे जेवण करता येते. चव दर वेळी तीच येते, आणि ज्या मुलांनी हा पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये आधी खाल्लेला असतो त्यांना नेमकी तीच चव हवी असते. अडचण गोडीची आहे. आपल्या जिभेला हा सॉस जरा जास्तच गोड लागतो आणि ती गोडी कमी करायला काही वाव नसतो. घालता येते, काढता येत नाही. दुसरे म्हणजे, ऐंशी-वीसच्या, म्हणजे वीस टक्के चरबीच्या, खिम्याचे वजन शिजल्यावर सुमारे चौथ्या हिश्शाने घटते, आणि मग पूर्ण डबा ओतला की मांसापेक्षा रसच अधिक होतो. मी पाऊण डबाच वापरतो आणि वरून छोटा चमचाभर व्हिनेगर व चिमूटभर लाल तिखट घालतो. पण अशी डागडुजी सुरू झाली, की मग डबा कशासाठी आणला, हा प्रश्न पडतोच.

घरच्या सॉससाठी एक पौंड खिम्याला मी धरतो ते प्रमाण असे: पाऊण कप केचप, दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट, प्रत्येकी एक मोठा चमचा वूस्टरशर सॉस, सायडर व्हिनेगर आणि ब्राउन शुगर, एक लहान चमचा मस्टर्ड आणि अर्धा कप पाणी, यात मोठा चमचा १५ मिलिलिटरचा आणि लहान ५ मिलिलिटरचा. शिवाय एक मध्यम कांदा, अर्धी भोपळी मिरची आणि लसणाच्या दोन पाकळ्या, सगळे बारीक चिरून. केचपमध्ये साखर आधीच असते, म्हणून ब्राउन शुगर पहिल्यांदा अर्धीच घालावी आणि चाखून ठरवावे. वूस्टरशर सॉस मात्र वगळू नये. त्यात चिंच असते आणि मुरवलेले अँचोव्ही मासेही, त्यामुळे नुसत्या केचपला जी खोली येत नाही ती यामुळे येते. बाटली संपलेली असेल तर अर्धा मोठा चमचा चिंचेचा कोळ आणि तेवढाच सोया सॉस घालून काम भागते, आणि हे मी नाइलाजाने शिकलो असलो तरी आता कधीकधी मुद्दाम करतो.

आयोवातला प्रकार या दोहोंपेक्षा वेगळ्या कुळातला आहे. मस्कटीन गावातल्या फ्रेड एंजेल या खाटकाने १९२६ साली मेड-राइट हे दुकान काढले, आणि तिथून ‘लूज मीट’ सँडविच त्या राज्यात रुजले. यात टोमॅटो नसतो. खिमा वाफेवर मोकळा शिजवतात, आणि बनमध्ये मस्टर्ड, लोणच्यातली काकडी आणि कच्चा कांदा घालून देतात; बनमधून सांडणारा खिमा उचलायला सोबत चमचा मिळतो. ज्यांना गोड सॉस मुळातच नको असतो त्यांना हे आवडेल, वेळही सर्वांत कमी लागतो. पण ज्याला रसदार सँडविच हवे आहे त्याला ते कोरडे वाटणार, आणि घरी वाफेची ती रीत जमली नाही तर हाती येतो तो नुसता उकडलेला खिमा. माझ्या घरी तो दोनदा झाला आणि तिसऱ्यांदा कोणी मागितला नाही.

खरी मेख परतण्यात आहे, आणि मराठी हाताची सवय नेमकी इथे आडवी येते. आपण खिमा करतो तेव्हा आधी कांदा तांबूस होईपर्यंत परततो, आले-लसूण आणि मसाला घालतो आणि मग मांस टाकतो. मांस स्वतःच्या पाण्यात आणि मसाल्यात शिजते, आणि खिमा-पावासाठी तेच योग्यही आहे. स्लॉपी जोमध्ये मात्र मसाला जवळजवळ नसतो, त्यामुळे चवीचा सगळा भार मांसाच्या खरपूसपणावर पडतो. मांसाचा पृष्ठभाग ओला आहे तोवर तो १०० अंश सेल्सिअसच्या फार वर जात नाही, आणि खरपूस रंग धरायला साधारण १४० अंशांच्या पुढे जावे लागते. कांदा आधी टाकला की त्याचे पाणी आणि मांसाचे पाणी मिळून खिमा राखाडी होतो. म्हणून क्रम उलटा करावा. बारा इंची बिडाचा तवा चांगला तापवावा, खिमा पॅकेटमधून निघेल तसाच त्यावर ठेवून उलथन्याने भाकरीसारखा पसरावा आणि चार मिनिटे त्याला हात लावू नये. आधी पाण्याची खदखद ऐकू येते. ती थांबून चरचर सुरू झाली, की खालची बाजू धरली असे समजावे. मग उलटून, मोडून, गाठी फोडत आणखी चार मिनिटे परतावे. खिमा बाजूला काढून त्याच चरबीत कांदा आणि मिरची मऊ करावी, टोमॅटो पेस्ट मिनिटभर परतावी आणि त्यानंतर बाकीचा सॉस आणि मांस एकत्र करावे. सॉसचा लाल रंग मांसाचा कच्चेपणा झाकू शकतो, तेव्हा तो घालण्यापूर्वीच खिमा पूर्ण शिजलेला असावा. अमेरिकी कृषी खाते बीफच्या खिम्यासाठी १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ अंश सेल्सिअस, ही किमान मर्यादा सांगते. सॉस किती आळवावा, याची खूण सोपी आहे. तव्याच्या मधून उलथने ओढले की वाट पडली पाहिजे आणि ती दोन-तीन सेकंदांनी सावकाश मिटली पाहिजे. लगेच मिटली तर अजून पातळ आहे. मिटलीच नाही तर दोन चमचे पाणी घालावे. डब्याचा सॉस वापरणाऱ्यांनीही एवढे केले, तर त्यांचे सँडविच घाईघाईने केलेल्या घरच्या सॉसपेक्षा सरस ठरेल, हे मी खात्रीने सांगतो.

खिमा कोणता घ्यावा, हा निर्णय पॅकेटवरच्या आकड्यांवर असतो. ८०/२० म्हणजे वीस टक्के चरबी: पौंडामागे सुमारे ९१ ग्रॅम. ९०/१० मध्ये ती ४५ ग्रॅम असते आणि ९३/७ मध्ये ३२. ‘हॅम्बर्गर’ आणि ‘ग्राउंड बीफ’ या दोन्ही लेबलांना चरबीची कमाल मर्यादा तीस टक्केच आहे, पण हॅम्बर्गरमध्ये बीफची चरबी वरून घालायला परवानगी असते, ग्राउंड बीफमध्ये नसते. मी ८५/१५ घेतो. ८०/२० चव देतो, पण सुटलेली चरबी मोठा चमचाभर ठेवून बाकीची काढावी लागते, आणि ती सिंकमध्ये न ओतता रिकाम्या डब्यात गोठू द्यावी लागते. खिमा-पावावर तवंग आला तर आपण खूश होतो. इथे तोच तवंग बनचा खालचा भाग दोन मिनिटांत लिबलिबीत करतो. ९३/७ मध्ये हा त्रास नाही, पण मांस दाणेदार आणि कोरडे लागते. तो घेतलाच तर चमचाभर तेल घालावे.

बीफ न खाणाऱ्या घरांत टर्कीचा खिमा हा अमेरिकेतला रुळलेला पर्याय आहे. तो ९३/७ चा मिळतो, रंग कमी धरतो, आणि त्याला ७४ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवावे लागते; वूस्टरशर दुप्पट केला आणि पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली, तर सॉस उणीव बऱ्यापैकी भरून काढतो. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासूनच आणि २०१५ पासून बैल व वळू यांच्याही कत्तलीवर कायद्याने बंदी आहे, म्हणून पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा पदार्थ करायचा झाला तर मटणाचा किंवा म्हशीचा खिमा घ्यावा लागेल. मटणाच्या खिम्याला मात्र हा गोड सॉस शोभत नाही, असे माझे मत आहे. मटणाचा खिमा हाताशी असेल तर इराणी हॉटेलात मिळतो तसा खिमा-पावच करावा. त्याला चाळीस मिनिटे लागतात आणि ती सत्कारणी लागतात.

बनबद्दल थोडक्यात सांगायचे तर बटाट्याचा बन सर्वांत बरा. तो मऊ असूनही रस धरतो. ब्रिओश, म्हणजे लोणी-अंड्यांचा बन, गोड असतो आणि गोड सॉसबरोबर गोडी दुप्पट होते. इंडियन ग्रोसरीतली ताजी लादी मिळाली तर तीही उत्तम, फक्त पाव लहान असल्याने माणशी दोन धरावेत. कोणताही घेतला तरी आतली बाजू लोण्यावर तांबूस शेकलीच पाहिजे, कारण तो शेकलेला पापुद्राच रसाला अडवतो.

तर कोणी काय निवडावे? घरी सगळ्यांत आधी मूलच पोचत असेल आणि जेवण त्याच्यावर सोपवायचे असेल, तर दोन डबे फडताळात असू द्यावेत आणि त्यात काही कमीपणा मानू नये. गोड नकोच असेल तर आयोवाची वाट धरावी. बाकी सगळ्यांनी, विशेषतः आठवड्यातून एकदा हा पदार्थ करणाऱ्यांनी, घरचा सॉस करावा आणि एकदम दोन पौंड खिम्याचा करावा, मात्र दोन खेपांत परतून, कारण तव्यावर गर्दी झाली की पुन्हा तीच खदखद. उरलेला खिमा बनमध्ये न भरता दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवला तर तीन-चार दिवस टिकतो, फ्रीझरमध्ये त्याहून पुष्कळ अधिक. इन्स्टंट पॉटमध्ये, म्हणजे विजेच्या प्रेशर कुकरमध्ये, तो गरम करू नये, दाट टोमॅटोचा सॉस तळाला धरतो आणि यंत्र ‘बर्न’ दाखवून थांबते. साध्या पातेल्यात दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर सहा-सात मिनिटांत तो पूर्ववत होतो, आणि गुरुवारी बन संपलेले असले, तर भाजलेल्या बटाट्यावर घालून तेवढाच चांगला लागतो.